पुढची चाकं सोमवारी, मागची गुरुवारी

...आणि वर मलाच म्हणतात, फॉर्म तू भरलास! अहो, भरला ना, मीच भरला, नाही कोण म्हणतंय? घरात ज्याच्याकडे कॉम्प्युटर असतो तो अख्ख्या खानदानाचा बिनपगारी कारकून असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? माझं चष्म्याचं दुकान, दुकानात कॉम्प्युटर, झालं, ताईला काहीही भरायचं असलं की कागदाची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. पण मी म्हणतो, फॉर्म भरणारा मी, परीक्षा देणारी भाची, नियम करणारं विद्यापीठ, मग या सगळ्यात आडवं पडायचं कारण काय होतं आमच्या भाऊजींना?

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. तुम्हाला सांगतो, माणूस सोन्यासारखा. पण सोनं कसं, मऊ असतं, वाकतं तरी! हे वाकत नाहीत. वजनकाट्यावर आहेत ना. किराणा दुकानातला नव्हे, मालाच्या मोठ्या गाड्या तोलायचा काटा. खडीची, लोखंडाची गाडी येते, जमिनीतल्या त्या लांबरुंद पत्र्यावर उभी राहते, बाजूच्या खोलीत काचेमागे भाऊजी, समोर लाल आकडे, हाताशी पावती छापायचं यंत्र. सव्वीस वर्षं हेच. ड्रायव्हरांना त्यांचं खरं नाव ठाऊक नाही, सगळे काटेसाहेब म्हणतात. आणि काटेसाहेबांचं एकच म्हणणं: एक गाडी, एक काटा, एक पावती.

आता यात गंमत काय आहे बघा, लोक काट्यालाही फसवतात. कुणी एक चाक हळूच पत्र्याच्या बाहेर ठेवतो, कुणी रिकामी गाडी तोलताना टाकीत डिझेल भरून आणतो, म्हणजे नंतर माल कमी दिसावा. भाऊजी छत्री घेऊन बाहेर येतात, गाडीभोवती फेरी मारतात, वाकून एकेक चाक बघतात आणि काही न बोलता छत्रीच्या टोकानं दाखवतात, घे पुढे. मागे एका कंत्राटदारानं तर कमालच केली. गाडी लांब, पत्र्यावर मावेना, तर म्हणे काटेसाहेब, पुढची चाकं आज सोमवारी तोलून घ्या, मागची मी गुरुवारी आणतो, बेरीज तुम्ही करा. भाऊजींनी त्या माणसाची गाडी पुढची तीन वर्षं फाटकातून आत घेतली नाही. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, तिथेच माझं चुकलं.

भाचीला घरात खारू म्हणतात. लहानपणी पेन्सिलीची टोकं गालात साठवून ठेवायची, म्हणून खारूताई, मग नुसतीच खारू. तिला पूल बांधायचं शिकायचंय. पूल! मी म्हटलं, अगं डोळ्यांचं शिक, दुकान तयार आहे. नाही, पूलच. आणि ते चांगलं कुठे शिकवतात, तर नदीपलीकडच्या विद्यापीठात. तिथे जायचं तर एक प्रवेश परीक्षा, दोन भाग, एक गणित, एक भाषा, शंभर-शंभर गुणांचे. आणि ही परीक्षा वर्षातून तीनदा देता येते. एकदाच ठेवली असती तर माझे किती केस वाचले असते, सांगा!

पहिल्यांदा बसली. गणितात एक्क्याण्णव. वा! भाषेत चौसष्ट. का? तर उताऱ्यात मधमाश्या आल्या होत्या. उतारा वाचून प्रश्न सोडवायचे असतात, ही आवडला म्हणून दोनदा वाचत बसली आणि वेळ संपली. बेरीज एकशे पंचावन्न. दुसऱ्यांदा बसली, तर भाषेत त्र्याण्णव, मधमाश्या नव्हत्या, आणि गणितात सहासष्ट, कारण पर्यवेक्षकांचे बूट कुरकुरत होते आणि ही त्यांच्या फेऱ्या मोजत होती. एकशे एकोणसाठ. तिसऱ्यांदा मात्र पोरगी घड्याळाकडे बघत, दात आवळून, शहाण्या मुलीसारखी बसली. गणितात ऐंशी, भाषेत ऐंशी. एकशे साठ. भाऊजी म्हणाले, हे खरं वजन.

मग मी विद्यापीठांचे नियम वाचायला बसलो. तुम्हाला सांगतो, लग्नाच्या याद्या परवडल्या! परीक्षा एक, मुलगी एक, आणि हिशेब तीन तऱ्हेचे. टेकडीवरचं विद्यापीठ म्हणतं, ज्या दिवशी बेरीज सगळ्यात जास्त झाली तो दिवस आम्ही धरतो. म्हणजे एकशे साठ. स्टेशनजवळचं म्हणतं, तिन्ही वेळची सरासरी काढा. काढली, एकशे अठ्ठावन्न. आणि नदीपलीकडचं म्हणतं, तुमचे गणिताचे सगळ्यात चांगले गुण कोणत्याही दिवशीचे द्या, भाषेचे सगळ्यात चांगले कोणत्याही दिवशीचे द्या, आम्ही दोन्ही जोडतो. एक्क्याण्णव आणि त्र्याण्णव. एकशे चौऱ्याऐंशी! आणि पुलाच्या विभागात गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश झाला होता एकशे ऐंशीवर. मी खुर्चीवरून उठलो. दुकानात एक आजोबा डोळे तपासायला बसले होते, त्यांना मी मिठी मारली.

फॉर्म भरला, छापला, ताईकडे नेला. खाली एकच सही राहिली होती, पालकांची. 'वरील माहिती सत्य आहे.' भाऊजींनी चष्मा लावला, मीच दिलेला, आणि वाचायला लागले. बोट एकशे चौऱ्याऐंशीवर येऊन थांबलं.

"हे कधी पडले?"

मी समजावलं. गणित पहिल्या वेळचं, भाषा दुसऱ्या वेळची. त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "म्हणजे पुढची चाकं सोमवारी आणि मागची गुरुवारी."

सही करायला नकार! अहो, विद्यापीठच म्हणतंय, तुम्ही कोण? तर म्हणे विद्यापीठानं काय म्हणावं हा त्यांचा प्रश्न, मी सही कशाखाली करतोय हा माझा. खारू एका दिवसात एकशे चौऱ्याऐंशी कधी आणू शकलेली नाही, मग मी सत्य आहे असं कसं लिहू? एक गाडी, एक काटा, एक पावती. ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिनं भांडी घासायला काढली. स्वच्छ भांडी, बरं का, मांडणीवरची! ताई बोलत नाही तेव्हा भांडी बोलतात. खारू उठून आपल्या खोलीत गेली, दार आपटलंसुद्धा नाही, हलकेच लावलं. ते जास्त लागलं सगळ्यांना.

मी आपलं डोकं लढवलं. धंद्यातलं उदाहरण दिलं. म्हटलं भाऊजी, तुमचा डाव्या डोळ्याचा नंबर वेगळा, उजव्याचा वेगळा. मी कधी सरासरी काढून दोन्हीकडे एकच काच बसवली का? ज्याचं त्याला वेगळंच बघावं लागतं ना? भाऊजींनी विचार केला. खरंच केला, मिनिटभर. मग म्हणाले, "पण दोन्ही डोळे एकाच दिवशी तपासतोस ना?"

आता बोला!

शेवटचा उपाय म्हणून विद्यापीठात फोन लावला, भाऊजींना शेजारी बसवून, आवाज मोठा करून. पलीकडे एक बाई, आवाज असा की दिवसभरात चारशे बापांशी बोलून झालेलं. "हो-ओ, दोन वेगळ्या तारखा चालतात. हो-ओ, आमची तशी पद्धत आहे. नाही-ई, ही फसवणूक नाही." भाऊजींनी फोन हातात घेतला आणि शांतपणे विचारलं की समजा एखादीनं एकदाच परीक्षा दिली, तीनदा यायला तिला जमलं नाही, गाव लांब असेल, घरी कुणी आजारी असेल, आणि तिला एकाच दिवशी एकशे ब्याऐंशी पडले, तर ती माझ्या मुलीच्या मागे का? बाईंचा तो लांबट हो-ओ कुठच्या कुठे गेला. मग चक्क साध्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "हो, मागे." आणि फोन ठेवला. झालं, समजूत घालायला फोन केला होता, माणूस आणखी घट्ट झाला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात कुणाचा? माझा.

चार दिवस असेच गेले. भाऊजींना काही सुख होतं असं समजू नका. मी एकदा डबा द्यायला काट्यावर गेलो तर टोपलीत पावत्यांचे कागद चुरगाळून टाकलेले. उघडून बघितले. एकावर एक्क्याण्णव अधिक त्र्याण्णव. दुसऱ्यावर ऐंशी अधिक ऐंशी. तिसऱ्यावर नुसतं मुलीचं नाव, पाळण्यातलं, आम्ही कुणीच न वापरणारं, आणि पुढे काहीच नाही. सव्वीस वर्षांत त्या यंत्राचा एक कागद वाया गेला नव्हता हो. मी गुपचूप परत चुरगाळून टाकले. बाप म्हणून सही करावीशी वाटत होती, काटा म्हणून हात धजत नव्हता, आणि हात तर एकच ना!

शुक्रवार उजाडला, शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. दुपारी मी फॉर्म घेऊन काट्यावर गेलो. म्हटलं आज धरणं धरायचं. बाहेर सळयांची गाडी उभी, तिच्यामागे खडीची, ड्रायव्हर हॉर्न देतायत. भाऊजी म्हणाले, "आण तो कागद." मी आणला. म्हणाले, "दोन मिनिटं बाहेर थांब." मी थांबलो. काचेतून दिसत होतं, मान खाली घालून बसलेत, खांदे हलतायत. मला वाटलं भरून आलं असेल, एकुलती एक पोर आहे, माणूस आहे शेवटी. मीही रुमाल काढला. सळयांच्या ड्रायव्हरनं विचारलं काय झालं, मी म्हटलं घरची बाब आहे. त्यानं हॉर्न बंद केला.

फॉर्म हातात आला, खाली सही होती, वळणदार, पूर्ण. मी धावत दुकानात आलो, कागद यंत्रात घातला, यंत्रानं ओढून घेतला, कॉम्प्युटरवर चढला, बटण दाबलं, 'आपला अर्ज मिळाला.' पावणेपाच! मी दोन पेले पाणी प्यालो. आणि मग कागद फाइलला लावायला उचलला, तर मागच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं.

खांदे हलत होते ते रडण्यानं नव्हे हो. लिहिण्यानं!

लिहिलं होतं: 'पुढे लिहिलेले एकशे चौऱ्याऐंशी गुण माझ्या मुलीला कोणत्याही एका दिवशी मिळालेले नाहीत. एका दिवशीचे सगळ्यात जास्त एकशे साठ. तिन्ही वेळचे आकडे खाली देत आहे. मुलगी हुशार आहे. हे मी बाप म्हणून लिहीत आहे, त्याची पावती माझ्याकडे नाही.' खाली तिन्ही तारखा, तिन्ही वजनं, माफ करा, तिन्ही गुण, रकाने आखून.

आणि माझं ते यंत्र, नवीनच घेतलेलं, मोठ्या कौतुकानं, त्याचा गुण काय? कागदाच्या दोन्ही बाजू आपोआप उतरवतं!

मी कुणाला काही बोललो नाही. तुम्ही बोलला असता? ताईला सांगावं तर घरात एक भांडं धड राहिलं नसतं. खारूला सांगावं तर तिनं जन्मात बापाचं तोंड पाहिलं नसतं. आणि भाऊजींना काय सांगणार, त्यांना तर ठाऊकच! ते आपले निवांत, जेवतायत, गाड्या तोलतायत, रात्री घोरतायत. पंधरा दिवस मी एकटा कुढत होतो. एका बाईंना तर मी दुसऱ्याचाच चष्मा दिला, त्यांनी तो आठवडाभर लावला आणि छान दिसतंय म्हणाल्या.

मग पत्र आलं. मुलाखतीला या, सोबत पालकांनाही आणा. घरात आनंद, ताईनं मला दोन शर्ट दिले, एकशे चौऱ्याऐंशीची कमाल म्हणे. मला तेवढं ठाऊक होतं की पालकांना कशाला बोलावलंय.

गेलो तिघं. खोली लांबट, मध्ये टेबल, पलीकडे तिघं प्राध्यापक. मधल्या बाई, चष्मा साखळीनं गळ्यात, फ्रेम जुनी पण काच उत्तम. एका बाजूला पेपरमिंट चघळणारे गृहस्थ. दुसऱ्या बाजूला एक तरुण, नुसता टाइप करणारा. मला दारापाशी खुर्ची मिळाली, पळायला सोयीची. बाईंनी फाइल उघडली, कागद उलटा केला आणि भाऊजींना विचारलं की हे तुम्ही लिहिलंय का. भाऊजी हो म्हणाले. खारूनं वळून बघितलं. बाईंनी चष्मा चढवला आणि सगळं मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून. खारूचे कान लाल होत गेले. एकशे साठपर्यंत आल्या तेव्हा तिचे डोळे भरले होते. मग बाई शेवटच्या दोन वाक्यांवर आल्या आणि त्यांचा आवाज जरा उतरला, आणि पावती माझ्याकडे नाही हे त्यांनी अगदी हळू वाचलं. खारूनं नाक पुसलं. खोलीत फक्त पेपरमिंटचा आवाज.

बाईंनी भाऊजींना आक्षेप काय आहे तो सांगायला लावला. आणि भाऊजींना काट्याबद्दल विचारलं की संपलं! छत्री, डिझेल, कंत्राटदार, सोमवार, गुरुवार, सगळं सांगितलं, आणि शेवटी तेच, एक गाडी, एक काटा, एक पावती. तरुणानं टाइप करणं थांबवलं होतं. बाई खारूकडे वळल्या. तुला काय वाटतं?

मला वाटलं पोर आता रडत बाहेर जाणार. पण ती बाईंशी बोललीच नाही. खुर्ची बापाकडे वळवली.

"बाबा, काटा गाडीत माल किती आहे ते सांगतो. गाडीत माल मावतो किती, ते कुठे सांगतो?"

सव्वीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, मला गणितात एक्क्याण्णव झेपतात हे एकदा दिसलं, भाषेत त्र्याण्णव झेपतात हे एकदा दिसलं, मधमाश्या आणि बूट हे काही माझं वजन नव्हे. भाऊजी म्हणाले, पण पुढेही पूर्ण भरला आणि मागेही पूर्ण भरला, तर मधला भाग तो भार घेईल की वाकेल, हे दोन्ही एकदम भरल्याशिवाय कळायचं कसं? मी मनात म्हटलं, मेलो, हे बरोबर बोलले!

खारू म्हणाली, "तेच शिकायला तर इथे यायचंय."

तुम्हाला सांगतो, पुढची वीस मिनिटं त्या खोलीत मुलाखत अशी नव्हतीच. बापलेक टेबलावर वाकून भांडत होते, पेन्सिलीनं रेघा ओढत, कुठली चाकं, कुठला भार. पेपरमिंटवाले गृहस्थ उठून मधे आले, म्हणे तुमची गाडी चुकतेय, आणि त्यांनीही एक रेघ ओढली, भाऊजींनी ती खोडली. शेवटी भाऊजींनी तो फोनवरचाच प्रश्न पुन्हा काढला, एकदाच परीक्षा देणाऱ्या मुलीचा. बाईंनी चष्मा उतरवला. म्हणाल्या, हा प्रश्न आम्ही दरवर्षी बैठकीत घेतो, आणि दरवर्षी तिथवर येईपर्यंत चहा येतो. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा उशिरा मागवत जा."

मी डोळे मिटून घेतले. पण बाई हसल्या हो! मग आम्हालाच चहा दिला.

परत येताना बसमध्ये दोघं एका बाकावर, मी मागे. बसनं नदी ओलांडली. मग खारूनं विचारलं, ते शेवटचं वाक्य का लिहिलं? भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जागा उरली होती." ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि हा माणूस पुढचे दोन तास तसूभर हलला नाही, थांब्यावर सगळे पाय मोकळे करायला उतरले तरी!

महिन्यानं पत्र आलं, प्रवेश मिळाला. खारू आता तिथे पूल वाकवून बघते. आणि यंदा त्या विद्यापीठानं फॉर्ममध्ये एक नवीन रकाना घातलाय: 'परीक्षा किती वेळा दिली? एकदाच दिली असल्यास कारण लिहा, विचार केला जाईल.' भाऊजींना दाखवला. म्हणाले, उशिरा मागवला वाटतं चहा. बस, एवढंच! आणि त्या रकान्यात काय लिहायचं हे विचारायला अर्धा गाव माझ्या दुकानात, चष्मा एक घेत नाही कुणी!

तरी मी म्हटलं, चला, अनुभव वाया जायचा नाही. कारण यंदा माझी स्वतःची कन्या बसली ना परीक्षेला. म्हटलं आता मला सगळे हिशेब पाठ आहेत, बापाला नियम माहीत असले की पोरीचं भलं होतं. तीनदा बसवली. पहिल्यांदा गणितात पंचावन्न, भाषेत पंचावन्न. दुसऱ्यांदा गणितात पंचावन्न, भाषेत पंचावन्न. तिसऱ्यांदा तिला आजीची शपथ घालून बसवलं, तर... तुम्हीच ओळखा. आता चांगले-चांगले निवडून जोडा, सरासरी काढा, एकच दिवस धरा, टेकडीवर जा, स्टेशनवर जा, नदीत जा, एकशे दहा ते एकशे दहाच! भाऊजींनी तिन्ही निकाल ओळीनं टेबलावर मांडले, चष्मा लावून दोनदा बघितले, आणि अहो, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, सव्वीस वर्षं असा एक माल शोधतोय मी.

आता चष्म्याच्या दुकानात बसते. पंचावन्न टक्के लक्ष देऊन.